प्रिय रकीब, स. न. वि. वि.

जुन्या हिंदी गाण्यांनी माणूस अंतर्मुख होतो, त्याच्या वृत्ती कोमल होतात आणि तो संसाराच्या क्षुद्र कटकटींपलीकडे जातो, असं आमच्या घरी मानलं जाई. बाबा पलीकडे गेले की अलीकडच्यांनी मिक्सर लावायचा नाही, नळ जोरात सोडायचा नाही आणि कोणी बेल वाजवली तर पाहुण्याला ओठांवर बोट ठेवूनच आत घ्यायचं, एवढाच या सिद्धान्ताचा भाग आमच्या वाट्याला यायचा.

आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहायचो. बाबा कोलशेतच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. दिवसभर नट, बोल्ट, वायसर आणि ग्रीसचे डबे द्यायचे आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने येऊन, हातपाय धुऊन, रेडिओसमोर बसायचं. मांडीवर फुलस्केप वही, हातात टोक केलेली पेन्सिल. पेन नाही, कारण पेन ऐन अंतऱ्यात दगा देतं. बाबा गाणी नुसती ऐकत नसत, उतरवून घेत. गाणं रेडिओवर एकदा लागलं की मुखडा हाती यायचा. पुढच्या वेळी पहिला अंतरा. ती पुढची वेळ कधी येईल ते सांगता येत नसल्यामुळे बाबा वहीत जागा सोडून ठेवत. काही गाणी माझ्या पाचवीत सुरू होऊन सातवीत पुरी झाली. एका गाण्याचा शेवटचा अंतरा तर अजून आलेला नाही.

बाबांचं हिंदी शाळेतल्या परीक्षांपुरतं होतं आणि उर्दू अजिबात नव्हतं. कान मात्र पूर्ण मराठी होता. त्यामुळे उर्दू शब्द एका बाजूने आत शिरले की पेन्सिलीतून मराठी होऊन बाहेर पडायचे. 'शिकवा' म्हणजे तक्रार, हे आमच्या घरी कोणाला ठाऊक नव्हतं. बाबांच्या मते कवी नम्रपणे म्हणतो आहे की मला शिकवा. एका गाण्यात 'शिकवा'च्या शेजारी त्याच अर्थाचा 'गिला' आला तेव्हा वहीत 'गिलावा' उमटला, आणि त्या सिनेमातला नायक गवंडी असावा असा माझा बरीच वर्षं समज होता. दुसऱ्या एका गाण्यातली नायिका 'बाम'पाशी उभी होती. बाम म्हणजे गच्ची. आमच्या वहीप्रमाणे तिला विरहाने डोकेदुखी जडली होती, आणि खरं सांगायचं तर त्या अर्थाने गाणं काही बिघडत नव्हतं.

माझं प्रेम गाण्यांपेक्षा सिनेमांवर जास्त होतं. रविवारी सकाळी थिएटरात जुने सिनेमे मॅटिनीला लागत, तिथे बाबा मला न्यायचे. बाबा गाण्यांसाठी यायचे. गाणं संपलं की डोळे मिटून घ्यायचे आणि पुढच्या गाण्याच्या पहिल्या सुराला उघडायचे. परत येताना विचारायचे, "मग शेवटी त्यांचं लग्न झालं का गं?" मी सांगायचे. मला ते सिनेमे मनापासून आवडत, आणि त्यातल्या न पटणाऱ्या गोष्टी सर्वांत जास्त आवडत. श्रीमंताघरच्या पार्टीत नायक पियानोपाशी बसतो आणि आपलं फुटलेलं काळीज सगळ्यांसमोर गाऊन दाखवतो. जिच्यासाठी गातो तिला नेमकं कळतं. बाकीचे दोनशे पाहुणे हातात पेले घेऊन टाळ्या वाजवतात. नौपाड्यात एकाही घरात पियानो नव्हता, पण घरोघरची परिस्थिती साधारण तीच होती.

बाबांचे एक मित्र डोंबिवलीला राहायचे. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. ते पूर्वी बाबांच्याच कारखान्यात होते, मग मुंबईत दुसरी नोकरी लागली म्हणून गेले. काकांकडे तबकड्या होत्या, शेकड्यांनी. काकूंच्या साड्यांच्या कपाटातले तीन कप्पे त्यांनी व्यापले होते आणि चौथ्यावर डोळा होता. काकांना शब्द लक्षात राहत नसत. ते तालावर 'तारारा' म्हणत सबंध गाणं पार पाडायचे. म्हणजे काकांकडे गाणी होती, शब्द नव्हते. बाबांकडे शब्द होते, तेही त्यांच्या पद्धतीचे, पण गाणी नव्हती. अशी माणसं एकमेकांना सोडत नाहीत.

नवरात्रात टेंभी नाक्याच्या बाजूने वारा आला की नव्या गाण्यांचे कर्णे घरात ऐकू यायचे. बाकीचे लोक दसऱ्याला सीमोल्लंघन करतात. बाबा घटस्थापनेलाच वही पिशवीत घालून डोंबिवलीला जायचे.

एरवी दोघांचा पत्रव्यवहार चाले. घरी फोन दोघांकडेही नव्हता. आठवड्याला एक आंतरदेशीय पत्र जायचं, एक यायचं. ठाण्याहून डोंबिवलीला पत्र पोचेपर्यंत दोघांची एक भेट होऊन त्या विषयावरचं भांडणसुद्धा उरकलेलं असायचं, तरी पत्र लिहायचंच. आणि त्या पत्रांचा मायना ठरलेला होता. 'प्रिय रकीब, स. न. वि. वि.' खाली सही करताना 'आपला रकीब.' मायना बाबांनी सुरू केला, काकांनी लगेच उचलला, आणि अठरा वर्षं तो तसाच चालला.

रकीब म्हणजे जिवलग मित्र. हे बाबांनी स्वतः शोधून काढलं होतं. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवून समजावून सांगितलं.

"करीब म्हणजे काय?"

"जवळ."

"मग रकीब म्हणजे जवळचा. अक्षरं नुसती इकडची तिकडे झाली आहेत. उर्दूत असं होतं."

आई आतून म्हणाली, "मराठीतही होतं. तुम्ही 'आणतो' म्हणता आणि येता तसेच."

घरातल्या शब्दांचे अर्थ कोणी कोशात बघत नाही. मीही बघितला नाही.

आमच्याकडे जुन्या गाण्यांच्या रसिकांचं एक मंडळ होतं. दर दुसऱ्या शनिवारी एका शाळेच्या वर्गात ते जमायचं. चौथीच्या बाकांवर पन्नाशीचे लोक गुडघे छातीशी घेऊन बसायचे आणि टेबलावरच्या टेपरेकॉर्डरकडे बघत ऐकायचे. नियम कडक होते. गाणं चालू असताना ठेका धरायचा नाही. सोबत गुणगुणायचं नाही. गाण्यानंतर एक मिनिट शांत बसायचं, मग अध्यक्ष बोलणार. अध्यक्ष हे एक निवृत्त गृहस्थ होते. हिंदी संगीत एका विशिष्ट साली संपलं असं त्यांचं मत होतं आणि ते साल दरवर्षी थोडं मागे सरकत होतं.

या मंडळात बाबांनी एकदा तोंड उघडलं. एरवी ते मागच्या बाकावर बसून वहीत ताडून बघायचे. पण त्या दिवशी गाण्यात 'शिकवा' आला, आणि एक मिनिटाची शांतता संपल्यावर बाबा उठून उभे राहिले आणि कवीच्या विद्यार्थिवृत्तीबद्दल चार वाक्यं बोलले. अध्यक्षांना नेमका हा एक शब्द माहीत होता.

"शिकवा म्हणजे तक्रार हो! तुम्ही काय, गाण्याची शिकवणी लावलीत की काय?"

वर्ग हसला. चौथीच्या बाकांवर बसून पन्नाशीची माणसं हसली की चौथीसारखीच हसतात. बाबाही हसले, खाली बसले, आणि घरी येऊन त्यांनी वही ट्रंकेत ठेवून दिली. सात महिने रेडिओ लागला नाही. डोंबिवलीचं पत्रसुद्धा चार ओळींचं, प्रकृती-पाण्याचं.

आम्हाला वाटलं होतं की आता घरात हवा तसा आवाज करता येईल. आईने पहिल्या दिवशी दुपारपासून मिक्सर लावला. पण तिचा भात गाण्यांवर शिजायचा. एक लांब गाणं आणि पुढच्या गाण्याचा मुखडा, की गॅस बंद. गाणी थांबली आणि भात दोनदा करपला. बाबा संध्याकाळी घरी येऊन खिडकीशी बसायचे, काही मागायचे नाहीत, काही बोलायचे नाहीत. पाचव्या महिन्यात आईच म्हणाली, "अहो, लावा तो रेडिओ. मला कंटाळा आला या शांततेचा." बाबा म्हणाले, "आपल्याला कुठे काय कळतं त्यातलं." सातव्या महिन्यात काका स्वतः आले, ट्रंक उघडली, वही काढून बाबांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तुझ्याशिवाय माझी सगळी गाणी तारारा झाली आहेत." मग पुन्हा सुरू झालं. बाबांनी वहीतले पुष्कळ शब्द खोडरबरने पुसले. रकीबबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती. त्याला तर्काचा आधार होता.

मी एस. वाय. बी. ए.ला होते त्या वर्षी काकांनी दोनशे तबकड्या मंडळाला भेट द्यायचं ठरवलं. गाणी त्यांनी कॅसेटवर भरून घेतली होती आणि काकूंनी तीन कप्प्यांची मुदत संपल्याचं जाहीर केलं होतं. मंडळात याला दानशूरता म्हणतात. काकांचा जाहीर सत्कार ठरला. छोटा हॉल, शाल, श्रीफळ, मानपत्र. प्रमुख पाहुणे म्हणून काकांनीच नाव सुचवलं: कल्याणचे एक निवृत्त उर्दू शिक्षक. आणि मानपत्र लिहून ते व्यासपीठावर वाचायचं काम काकांच्या आग्रहावरून बाबांकडे आलं.

बाबांनी आयुष्यात मोठ्याने वाचलेली एकमेव गोष्ट म्हणजे मालाचे नंबर. तरी त्यांनी तीन आठवडे मानपत्र लिहिलं. अध्यक्षांनी ते तपासलं आणि त्यात विशेषणं घातली. सुरांच्या सागरातले दीपस्तंभ, तबकड्यांच्या अरण्यातले वाटाडे, असं बरंच. बाबांचं स्वतःचं असं एकच वाक्य त्यात उरलं, शेवटचं: 'आपण या मंडळाचे भूषण आहात, परंतु त्याआधी, आणि आयुष्यभर, आपण माझे रकीब आहात.' ते वाक्य ते रोज संध्याकाळी उभं राहून म्हणायचे. रेडिओ बंद ठेवून.

"पाहुणे उर्दूचे जाणकार आहेत," ते म्हणायचे. "या शब्दाची किंमत त्यांना कळेल."

मानपत्र छापून, नौपाड्यातल्या फ्रेमवाल्याकडून काच लावून आलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बाबांच्या मनात आलं की रकीबच्या क खाली टिंब असतं की नाही. उर्दू शब्दांना असतं कुठे कुठे. काच काढून काळ्या शाईने देता येईल. मला त्यांनी वाचनालयात पाठवलं.

"नीट बघ. तिथे मोठा कोश आहे. एवढ्या टिंबावरून हसं नको व्हायला."

कोश मोठा होता. टिंब होतं. टिंबाच्या पुढे अर्थ होता. प्रतिस्पर्धी, पण साधा नव्हे, प्रेमातला. एकाच स्त्रीवर जीव असलेल्या दोन पुरुषांनी एकमेकांना वापरायचा शब्द. मी कोश बंद केला, पुन्हा उघडला, आणि टेबलावरचा दुसरा कोश आणून त्यातही बघितलं. विद्वानांचं याबाबत एकमत होतं.

घरी आले तेव्हा बाबा केस कापायला गेले होते. आई खोबरं खवत होती. कार्यक्रमानंतर बटाटेवडे होते आणि त्यांची चटणी तिच्याकडे होती.

"आई, रकीबचा अर्थ चुकलाय."

"मग काय अर्थ आहे?"

मी सांगितला. आईचा हात खवणीवर थांबला. मग ती हसायला लागली. आधी आवाज न करता, मग आवाज करून, मग खवणी बाजूला ठेवून, पदर तोंडाला लावून.

"हसतेस काय? ते संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचणार आहेत. समोर उर्दूचा मास्तर बसणार आहे. शिकवाच्या वेळी काय झालं आठवतंय ना? आता सात महिने नाही, सात वर्षं वही ट्रंकेत जाईल."

"अगं, पण चूक काय आहे त्यात?" आईने डोळे पुसले. "डोंबिवलीवाले आधी मलाच बघायला आले होते."

मी खाली बसले.

"कल्याणला, माहेरी. पोहे झाले, चहा झाला आणि हा माणूस दोन तास नुसता गाण्यांबद्दल बोलत होता. कुठली तबकडी कुठे मिळाली आणि कुठली मिळता मिळता राहिली. मी आत जाऊन वडिलांना म्हटलं, याच्याशी लग्न केलं तर जन्मभर हेच ऐकावं लागेल. त्यांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. मग यानेच आपल्या कारखान्यातल्या मित्राला सांगितलं, मुलगी चांगली आहे, तू बघून ये."

"आणि बाबा?"

"ते आले आणि तासभर एक शब्द बोलले नाहीत. म्हटलं, हा शांत माणूस दिसतोय." आईने पुन्हा खवणी जवळ ओढली. "लग्नानंतर पंधरा दिवसांनी रेडिओ आणला."

"बाबांना माहीत आहे हे?"

"आहे की. काढत नाही कोणी तो विषय. डोंबिवलीवाल्यांनाही संकोच, यांनाही संकोच. दोघांच्यात संकोच भरपूर."

मला सत्याची चाड होती. निदान एस. वाय.ला असताना होती. मी म्हटलं, बाबा आले की सांगायला हवं. आई म्हणाली, "सांगितलंस तर आज ते व्यासपीठावर चढणार नाहीत. मानपत्र तो अध्यक्ष वाचेल. तुला त्याच्या तोंडून दीपस्तंभ ऐकायचा असेल तर सांग." तेवढ्यात बाबा आले. मानेला पावडर, हातात चमेलीच्या तेलाची लहान बाटली. एरवी ते खोबरेल लावायचे.

"आहे का टिंब?"

"आहे."

"बघ! माझा अंदाज होताच," असं म्हणून ते आंघोळीला गेले.

आम्ही असं ठरवलं की बाबांना नाही, पण पाहुण्यांना सांगायचं. हॉलमध्ये हसणारं कोणी असलंच तर ते एकटेच असणार होते. मी कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी हॉलच्या मागच्या खोलीत त्यांना गाठलं. सडपातळ, पांढरा झब्बा, समोर चहा. मराठी आमच्या अध्यक्षांपेक्षा स्वच्छ.

मी सगळं सांगितलं. करीबपासून पत्रांपर्यंत. कल्याणच्या पोह्यांपर्यंत मात्र गेले नाही. शेवटी म्हटलं, "सर, तुम्ही हसू नका, एवढीच विनंती आहे. आणि भाषणात दुरुस्त करू नका."

त्यांनी कप बशीत ठेवला. "किती वर्षं म्हणतात एकमेकांना?"

"अठरा."

"अठरा वर्षं वापरलेली वस्तू कोणी परत घेत नाही, बाळ. आता तो शब्द त्यांचा झाला. आमच्याकडे तो फार भांडणातून गेलेला आहे. थोडे दिवस ठाण्यात सुखाने राहू दे."

हॉल भरला होता. मी आणि आई पहिल्या रांगेत बसलो. अध्यक्ष बोलले, पंचवीस मिनिटं, आणि त्यात संगीताचं शेवटचं साल आणखी दोन वर्षांनी मागे गेलं. मग बाबा उठले. छापील मानपत्र काचेत होतं, म्हणून हातात त्याची नक्कल केलेला कागद होता. स्टोअर्सच्या खिडकीतून माल मोजून द्यावा तसे ते एकेक शब्द सावकाश देत होते. दीपस्तंभ दिला, वाटाडे दिले. शेवटच्या वाक्यापाशी त्यांनी कागद खाली घेतला, काकांकडे बघितलं, आणि न वाचता म्हणाले, "परंतु त्याआधी, आणि आयुष्यभर, आपण माझे रकीब आहात."

मी प्रमुख पाहुण्यांकडे बघत होते. ते समोरच्या फुलदाणीकडे बघत होते. आई पर्समध्ये काहीतरी शोधत होती आणि ते तिला बराच वेळ सापडलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या. मागच्या रांगेतून एक जण 'वा!' म्हणाला. उर्दू शब्द आला की वा म्हणायचं, एवढं ठाण्याला कळत होतं.

पाहुण्यांनी भाषणात एकच उल्लेख केला. मानपत्रात आमच्या भाषेतला एक शब्द आला, ते म्हणाले, आणि तो इतक्या मायेने उच्चारलेला मी आजवर ऐकला नव्हता. यात खोटं काहीच नव्हतं. बाबांनी हात जोडले. त्यांचे कान लाल झाले होते.

मग काका सत्काराला उत्तर द्यायला उठले. शाल एका खांद्यावरून घसरत होती. म्हणाले, "मानपत्रातली बाकीची विशेषणं मोठी आहेत, माझ्या घरात मावणार नाहीत. एक कप्पासुद्धा शिल्लक नाही. पण रकीब ही पदवी मी घरी नेणार. ती मी स्वतः कमावलेली आहे." लोक हसले. आई छताच्या पंख्याकडे बघायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की काकांना ठाऊक आहे.

वड्यांच्या रांगेत मी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ माहीत आहे."

त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. "तुला कोणी सांगितला?"

"कोशात बघितला. आज सकाळी."

"आणि बाकीचं?"

"आईने."

"हं. म्हणजे पत्रिका जुळत नव्हती असं सांगितलं असेल."

"तुम्ही दोन तास बोलत होतात, असं सांगितलं."

"दीड," काका म्हणाले. "बरं, ते सोड. नोकरी बदलून मी गेलो, आणि तुझ्या बाबांचं पहिलं पत्र आलं. प्रिय रकीब. मला कुठला कळतोय शब्द! आमच्या ऑफिसात भिवंडीचे एक जण होते, त्यांना विचारलं. त्यांनी सांगितल्यावर खरं म्हणजे मला लागलं. म्हटलं, मुलगी केली ती केली, वर लिहून चिडवतोस? दोन दिवस उत्तर नाही पाठवलं. मग विचार केला, अरे, काय माणूस आहे हा! तोंडाने कधी अवाक्षर काढत नाही. आणि एका शब्दात सगळं! वर आणखी स. न. वि. वि.!" काका इतके खूश झाले की चटणी शालीवर सांडली. "मग मीही तसंच लिहायला लागलो. अठरा वर्षं आमचा हा विनोद चाललाय, आणि एकदाही दोघांपैकी कोणी ओठ हलवला नाही. आज तर त्याने कमाल केली. भर सभेत! चेहऱ्यावर रेघ नाही! तुला सांगतो, तुझ्या बाबांइतका मिश्कील माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात नाही."

मी बाबांकडे बघितलं. ते पलीकडे प्रमुख पाहुण्यांना हातवारे करून काही समजावत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं.

"करीब म्हणजे जवळ. बरोबर? मग अक्षरं फिरवा."

पाहुण्यांनी मनातल्या मनात फिरवल्यासारखं केलं. "असंही असू शकेल," ते म्हणाले.

सत्य सांगायचं झालं तर आता ते दोघांना सांगावं लागणार होतं. बाबांना सांगायचं की तुम्ही अठरा वर्षं मित्राला काय म्हणत होतात. आणि काकांना सांगायचं की तुमच्या मित्राने आयुष्यात एकही विनोद केलेला नाही. पहिल्यापेक्षा दुसरं जास्त क्रूर होतं. घरी परतताना बाबा पुढे चालत होते. मी आईला हळूच विचारलं, काय करायचं?

"काय करायचं म्हणजे? चटणीचं पातेलं हॉलवर राहिलंय, ते उद्या आणायचं."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. बाबांनी त्या संध्याकाळी रेडिओ लावला, वही काढली, आणि मुख्य म्हणजे पुढच्या बैठकीला ते मागच्या बाकावरून उठून तिसऱ्या बाकावर बसले. एका गाण्यानंतर, मिनिटभराची शांतता संपल्यावर, ते पुन्हा उभे राहिले आणि दोन वाक्यं बोलले. बरोबर की चूक ते मी विचारलं नाही. अध्यक्षांनी हरकत घेतली नाही. ज्याच्या उर्दूला कल्याणच्या पाहुण्यांनी दाद दिली, त्याला बोलायची त्यांची छाती नव्हती.

पुढे बऱ्याच वर्षांनी मंडळ बंद झालं आणि त्याची कागदपत्रं कोणीतरी आमच्या घरी आणून टाकली. त्यात सत्काराच्या कार्यक्रमाचं इतिवृत्त सापडलं. अध्यक्षांच्या हातचं, दोन ओळींचं. मानपत्राचे वाचन झाले. वडे कमी पडले.